पत्र्याला सव्वा व्होल्ट

हुलसूरला बसस्टँडमागं एका अण्णांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, तर त्याला किती व्होल्ट द्यावेत, यावर अख्खं जग इंटरनेटवर भांडतं. आमचे हे शास्त्रज्ञ मात्र गिऱ्हाईकाला एवढंच विचारतात, "घर पत्र्याचं हाय का स्लॅबचं?"

पत्र्याला सव्वा व्होल्ट, स्लॅबला एक पॉइंट तीन. संशोधन संपलं. कुणी जास्त मागितलं तर म्हणतात, "मग देवळाच्या गाभाऱ्यात नेऊन ठिवा, तिथं गार असतंय." कॉम्प्युटर तापला का ते बघायला डब्याला उलटा हात लावतात, तापानं पडलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

मी पडलो हेडमास्तर. दुकानात गावातली चार माणसं बसलेली. त्यांच्यादेखत पत्र्याचं घर कसं सांगणार? "स्लॅबचं," मी रुबाबात म्हणालो. अण्णांनी माझा कॉम्प्युटर एक पॉइंट तीनवर लावून दिला.

एप्रिलमध्ये कॉम्प्युटर रोज भर दुपारी बंद पडायला लागला. मी अण्णांना घरी बोलावलं आणि फोनवरच कामाच्या दर्जावर व्याख्यान दिलं. ते आले. डब्याला हात लावायच्या आधी मान वर करून त्यांनी पत्र्याकडं बघितलं. मग खाली बसून वेग कमी केला, व्होल्ट सव्वावर आणले.

बायको पाणी घेऊन आली. "काय झालतं वो, अण्णा?"

"काई न्हाई, अक्का," घाम पुसत अण्णा म्हणाले, "सरांचा स्लॅब लई तापायलाय."

बायकोनं आधी वर बघितलं, मग माझ्याकडं.