लाल दोऱ्याच्या पुड्या

ती घटना आठवली की आजही माझी जीभ नकळत शेवटच्या दाढेकडे जाते. हैदराबाद संस्थान नुकतंच भारतात विलीन झालं होतं. मी घनसावंगीच्या बाजूला अमीन होतो; फौजदाराला तेव्हा आमच्याकडे अमीन म्हणत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंभार पिंपळगावच्या चौकीत बसलो होतो, तेव्हा गावातले एक मारवाडी शेठजी धापा टाकत आले. चहा हवा तेवढा पाजतील, पण पोलिसाला खबर म्हणून देणार नाहीत, असा हा माणूस.

“अमीनसाब, जल्दी चला. माझ्या वखारीत दाढा काढलेली मानसं हायेत, आन् एकबी कन्हत न्हाई.”

“मग बरंच आहे की!”

“एक जन तं उठतच न्हाई.”

वखारीत सरकीच्या पोत्यांना टेकून पाच-सहा जण बसले होते. गाल सुजलेले, ओठांच्या कडेला सुकलेलं रक्त, आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच एक मंद हसू. पोलीस आत आला तरी एकही जण उठून उभा राहिला नाही. त्या काळी असं कधी घडत नसे.

मधोमध एक शेतकरी आडवा पडला होता. श्वास इतका सावकाश चालला होता की दर वेळी वाटे, हा शेवटचा. पापणी उचलून पाहिली, तर बाहुली मोहरीएवढी.

त्याची बायको पायाशी बसली होती. “रातभर वरडत व्हते, साहेब. मंग हसले आन् निजले. कायबी करा, पन मानूस उठवा.”

दाढा काढणारा दंतवैद्यही तिथेच उभा होता, बाहेरगावचा; बाजारासाठी शेठजींची वखार भाड्याने घेतलेला. नवं वेदनाशामक तयार केलं होतं, ते तपासून पाहायला आला होता. अक्कलदाढ फुकट काढायची, वर दोन-दोन पुड्या द्यायच्या आणि कुणाचा ठणका किती थांबतो ते बघायचं, असा त्याचा उद्योग. लाल दोऱ्याच्या पुडीत औषध, पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीत नुसती पिठीसाखर. कुणाला काय मिळालं, हे एकट्या त्यालाच ठाऊक.

त्याला कोपऱ्यात घेतला. “याला काय दिलंस?”

“साखर. आईशप्पथ, साहेब. हा तर ठणक्यानं तळमळायला हवा होता!”

शेतकऱ्याच्या उशाला न फोडलेली एक पांढऱ्या दोऱ्याची पुडी होती. मी चाखून पाहिली. गोडच होती. साखर खाऊन माणूस मरायला टेकतो? मी बायकोला नेहमीचा प्रश्न विचारला, “गावात कुणाशी वैर?” तिने मान हलवून नाही म्हटलं.

इतक्यात भिंतीकडून कण्हणं ऐकू आलं. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. चेहऱ्यांवरचं ते हसू एकामागून एक मावळू लागलं. दंतवैद्य वैतागून म्हणाला, “अरे, दुसरी पुडी घ्या ना! लाल दोरेवाले तुम्ही!” सगळे गाल धरून बसून राहिले. एकाचाही हात खिशाकडे गेला नाही.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याला गुण आलेलं औषध शेजाऱ्याला द्यायचं, ही इकडची रीत. मी टोपी काढून पोत्यावर ठेवली आणि म्हणालो, “कुणाला धरत नाही. खरं सांगा.”

“ह्यो डाक्टर म्हन्ला व्हता, पुडी वाटली तं पोलीस नेतील,” एक म्हातारा पुटपुटला. “त्याचं वरडनं ऐकवंना. माझी म्या दिली.”

बाकीचे चमकून त्याच्याकडे पाहू लागले. प्रत्येकाने बायकोचा डोळा चुकवून आपली दुसरी पुडी त्या शेतकऱ्याला दिली होती, आणि आपण एकट्यानेच दिली असं प्रत्येकजण समजत होता.

हे ऐकून दंतवैद्य पांढराफटक पडला. “साहेब, त्यात अफू आहे. याला झोपू देऊ नका!”

जालन्याला नेण्याइतका वेळ नव्हता. शेठजींनी कोऱ्या चहाचं पातेलं चढवलं. ज्यांनी पुड्या दिल्या, त्यांनीच त्याला खांद्याला धरून उभा केला आणि सुजल्या गालांनी वखारीत फेऱ्या मारायला लावल्या. त्याचे पाय फरफटत होते. बायको समोरून उलटी चालत तोंडावर पाणी मारत होती, रडत होती, शिव्याही देत होती. ऊन उतरल्यावर कुठे त्याने डोळे उघडले. बायकोने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

तो तिच्याकडे परक्या माणसासारखा पाहत राहिला. मग म्हणाला, “कशापायी उठिवलं? तिथं कायबी दुखत न्हवतं.”

तिने हात सोडले.

दंतवैद्याचं मी आबकारी कायद्याखाली चालान केलं. पुड्या वाटणाऱ्यांना वचनाप्रमाणे घरी पाठवलं. पुढे नोकरीत अशा कितीतरी तपासांत वैर कुणाशी होतं हे विचारलंच. पण त्या प्रश्नाबरोबर जीव लावणारं कोण होतं, तेही विचारू लागलो. तो शेतकरी त्यानंतर बरीच वर्षं जगला. बाजारात भेटला की रामराम करी, पण मी उपकार केल्यासारखं कधी बोलला नाही. त्याची बायको मात्र दर वेळी मला बाजूला घेऊन एकच विचारी: “साहेब, त्ये तिथून पुरते परत आलेत ना?”

मी होय म्हणत असे.