बाहीरची कडी

…आन् हो मुक्ते, तेलाचं ऱ्हायलंच की. लिही. हात दुखला तर सांग, माझं तोंड न्हाई दुखत.

तुझा आजा आपल्या चकलांब्यात दूध सोसायटीत बसायचा, दूध मापून घ्यायला. दूध पातळ दिसलं की म्हनायचा, "चतुराबाई, पानी म्हशीला पाजावं, किटलीला न्हाई." दूध घालायला आलेल्या बाया हसायच्या.

मंग त्यो दुस्काळ पडला. जनावरं छावनीत गेली, तितनं बाजारात गेली. सोसायटीला कुलूप लागलं. आन् त्येच साली तुझ्या आज्याचं डोकं बिघडलं. एकदम न्हाई. काय दिस धड ऱ्हायचे, मंग पायरी उतरल्यागत खाली यायचे आन् तिथंच ऱ्हायचे. सकाळी रिकामी किटली घेऊन सोसायटीकडं निघायचे. एकदा तर पार उमापूरच्या रोडला सापडले.

तुझा बाप शहादेव चिडला. "आई, नाटकं हायती ही. काल मला शहादेव म्हनून हाक मारली, आज इचारतेत, कुठले पाव्हनं?" त्यो बाहीरून कडी घालायला लागला. आतून त्ये दार बडवायचे, "उघडा, दूध नासंल!" मी दाराला पाठ लावून बसायची. शेवटी म्हन्लं, "डाक्तरला इचारू. नाटक निघलं तर घाल कडी, मी बोलायची न्हाई."

बीडला नेलं. चार मान्सांत जायचं म्हनून सकाळीच त्येंच्या डोक्याला चपचपीत तेल चोपडलंतं. डाक्तर म्हन्ले, डोक्यातली लाईट मोजायची, वायरी चिटकवून. तर मशीनवाली पोरगी म्हन्ली, "आजी, तेलावर वायर बसत नाही. डोकं धुऊन आणा, बुधवारी."

धुऊन आना! टँकर आला तर घागरभर मिळायचं. मी शिककाई लावून दोनदा धुतलं, तर शेजारची तुळजाबाई वरडली, "प्यायला न्हाई, आन् ही नवरदेव न्हाऊ घालती!"

म्या म्हन्लं, "व्हय, हळद लावायला ये." परातीत पडलेलं पानी दारच्या लिंबाला घातलं.

बुधवारी डोकंभर वायरी लावल्या, मशीनीत घालून आतला फोटोबी काढला. त्ये गप पडून ऱ्हायले, गाईगत. डाक्तरनी शहादेवला रेघा दावल्या. "ह्या लाटा संथ झाल्यात. बीपीनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यात, मेंदूच्या फोटोतही दिसतंय. म्हणून कधी ओळखतात, कधी नाही. मुद्दाम करत नाहीत ते."

"नीट व्हतील का?"

"गेलेलं येत नाही. राहिलंय ते जपा. बीपीची गोळी चुकवू नका."

तुझा बाप एस्टीतनं उतरला. घरी आला आन् पहारीनं कडी उचकटली.

मंग रोज सकाळी मीच संग जायची. सोसायटीच्या कुलपाम्होरच्या ओट्यावर बसायचो. त्ये म्हनायचे, "आज दूध कावून येईना?" मी म्हनायची, "दुस्काळ हाय." दुसऱ्या दिशी पुन्ना त्येच. त्ये गेले तवर. लई थकले गं मी. अजूनबी पहाटं पाय आपसूक उठतेत, आन् जायाचं कुठं न्हाई.

हे कशापायी लिवून घेते? उमापूरच्या तुझ्या साखरामावशीपायी. तिच्या नवऱ्याचं, सिदूचंबी तसंच सुरू झालंय, आन् बाहीरून कडी बसलीय म्हन्तेत. कुनी जानारं असंल त्येच्या हातानं हा कागद तिला धाड. सांग, मोजायला न्येताना तेल लावू नको. आन् कडी आदी काढ, रेघा मागनं बघ.