उत्तर उजवीकडे होतं

कपडे धुण्याच्या कारखान्यात तिला सगळे वाफबाई म्हणत. दिवसभर हॉटेलांच्या चादरींवर वाफेची इस्त्री फिरवते म्हणून, असं ती सांगे. शेजारच्या टेबलावरची घडीवाली म्हणे, "छे! डोकं तापलं की हिच्या नाकातून निघते ना, ती वाफ."

वर्षापूर्वी ती लेकीला घेऊन या परक्या देशात आली. लेक अकरा वर्षांची. आपल्या देशात पाचवीला होती. इथल्या शाळेने तिला तिसरीत बसवलं. भाषा येईपर्यंतच, असं सांगून. भाषा सहा महिन्यांत आली. तिसरी काही सुटेना.

शाळा तशी लेकीला आवडायची. संध्याकाळी कांदा चिरता चिरता वाफबाई सगळं ऐकून घेई. इथे वर्गात शिरताना बूट दाराशी काढायचे आणि मोज्यांवर बसायचं. बाईंना त्यांच्या नावाने हाक मारायची, आणि बाई चक्क जमिनीवर फतकल मारून गोष्ट वाचतात. डबा खाल्ला की ज्याने त्याने आपलं टेबल पुसायचं.

"आणि उत्तर देताना कुणी उभं राहत नाही, आई. मी राहिले, तर सगळे खो खो हसले."

"मग गं?"

"मग काय? पुढच्या उत्तरालाही राहिले."

वाफबाईने सुरी खाली ठेवून लेकीच्या पाठीत एक कौतुकाचा धपाटा घातला.

पण तिसरीच्या बाकाखाली तिचे गुडघे मावत नसत. पोरं तिला जिराफ म्हणत. वर्ग का बदलत नाहीत, असं विचारलं की एकच उत्तर मिळे: गणित कच्चं आहे.

एका रविवारी वाफबाईने दप्तरातून गणिताची वही काढली. भागाकाराची वीस उदाहरणं होती आणि वीसही चुकीची. लाल फुल्यांनी पान नुसतं भरलं होतं. वाफबाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. तिने पेन्सिल घेतली आणि एकेका उत्तराला गुणून पाहिलं. एकशे छत्तीस साते नऊशे बावन्न. बरोबर. पुढचं बरोबर. त्याच्या पुढचंही.

वीसही बरोबर होती.

मग तिच्या ध्यानात आलं. त्यांच्या देशात भाजक उजवीकडे लिहितात, उत्तर त्याच्या खाली मांडतात आणि मधल्या वजाबाक्या तोंडी करतात. इथे उत्तर डोक्यावर लिहायचं आणि प्रत्येक वजाबाकी मांडून दाखवायची. बाईंनी वरची जागा पाहिली, ती रिकामी दिसली, आणि फुली मारली.

"तू बाईंना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी नीट मांडायला शीक."

सोमवारी सकाळी वाफबाई कामावर न जाता थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली. लेक मागे होतीच.

"तुम्ही वेळ ठरवून आलात का?" मुख्याध्यापिकेने चष्म्यावरून पाहिलं.

"नाही मॅडम. माझ्या पोरीचं वर्ष घेतलंत, तेही कुठे ठरवून घेतलंत?"

इथली भाषा तिच्या जिभेवर अजून अडखळे, पण एवढं वाक्य तिने रात्रभर घोकलं होतं. तिने वही टेबलावर उघडून ठेवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे बघा, प्रत्येक शाळेची एक पद्धत असते."

"असू दे की. शिकेल ती. पण बरोबर उत्तराला फुली मारायची, ही कुठली पद्धत? तुम्हीच घाला एक गणित."

मुख्याध्यापिकेने सुस्कारा सोडून फळ्यावर लिहिलं: तीन हजार दोनशे सोळा भागिले बारा. जिराफ पुढे झाली. उजवीकडे रेघ ओढली, ओठ हलवत तीन आकडे लिहिले आणि खडू ठेवला. दोनशे अडुसष्ट. मुख्याध्यापिका अजून कागदावर दुसरी वजाबाकी मांडत होत्या. त्यांचंही उत्तर निघालं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बरं. पुढच्या सत्रात विचार करू. वर्ग बदलायचा तर समिती बसावी लागते."

"बसू द्या. तोवर मीही इथेच बसते."

आणि ती खरंच बसली, बाहेरच्या लाकडी बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. कारकून दोनदा येऊन गेला. "ताई, इथे थांबता येत नाही." ती म्हणाली, "मी थांबले कुठे? बसलेय." कारखान्यातून मुकादमाचा फोन आला. "चादरी उद्याही चुरगळलेल्याच राहतील," असं सांगून तिने तो ठेवून दिला. मधल्या सुट्टीत लेक डबा घेऊन शेजारी आली. घाबरली होती. "आई, चल ना घरी. राहते मी तिसरीत."

"पुन्हा म्हणू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला येतं ते तुला येतं. जेव गुपचूप."

दुपारी दोनला मुख्याध्यापिका बाहेर आल्या, तेव्हा लेक अजून आईशेजारीच होती. हातात एक चिठ्ठी होती. "पाचवी. एक महिना पाहू. पण मांडणी तिला आमचीच शिकावी लागेल."

"शिकेल. आणि तुमच्या बाईही आमची शिकतील, म्हणजे फुल्या वाचतील."

मुख्याध्यापिका हसू दाबत म्हणाल्या, "सांगते त्यांना. वर्ग वरच्या मजल्यावर आहे. पालकांनी मात्र वर जायचं नसतं."

"मी पालक म्हणून कुठे जातेय? तिची आई म्हणून जातेय," असं म्हणत वाफबाईने चिठ्ठी घेतली, लेकीचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिला घेऊन जिना चढायला लागली.