दारूबंदीची विलायती चित्रं

“एकही रेघ बदलायची नाही!” दारूबंदीच्या पोस्टरांसाठी साहेबांनी माझ्यासमोर एक जाडजूड पुस्तक आपटलं. क्लबातलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी चित्रं, तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेली, बेवड्यांची टर उडवणारी. लांब टेबल, मधोमध हंड्याएवढं दारूचं भांडं, भोवती खुर्च्यांत लॉर्ड लोक. एकाच्या केसांच्या टोपाला मेणबत्तीनं आग लागलेली. टोप तर असे, की आत कोंबडी अंडी उबवून गेली असती आणि मालकाला पत्ता लागला नसता.

इंग्रज जाऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. मी चांद्याला प्रचारखात्यात टेंपररी पेंटर. नागभीडकडच्या एका गावानं तपासणीला येणाऱ्या मोठ्या साहेबांसमोर दारू सोडायची शपथ घेतली, की माझी परमनंट ऑर्डर निघणार होती.

मी म्हटलं, “साहेब, निदान धोतर-पागोटं घालू का यांना?”

“नॉन्सेन्स! हे वर्ल्ड क्लास सटायर आहे!”

सटायर म्हणजे थट्टा करत कान उपटणं. पण कान कुणाचा, हे बघणाऱ्याला कळावं लागतं. साहेबांना कोण सांगणार? संध्याकाळी क्लबात त्यांचंच चित्र काढण्याजोगं असायचं.

दाराएवढी चार पोस्टरं चावडीवर लावली. सारं गाव लोटलं. गोविंदा पाटलांनी विचारलं, “हे कोन लोकं हाय, भाऊ?”

“इंग्रज साहेब.”

“यायनंच आपल्यावर राज्य केलं?”

“हो.”

“इतकी पिऊन?” पाटील आदरानं बघत राहिले. “आमी पेलो तं बैलबी जुमानत नाई.”

मी रिपोर्ट दिला : लोकांनी चित्रं फार मन लावून पाहिली. खोटं नव्हतं.

मोठ्या साहेबांच्या भेटीच्या दिवशी जीपमधून उतरलो आणि आमच्या साहेबांनी आ वासला तो मिटेचना. झाडाखाली शाळेची बाकं जोडून लांब टेबल केलेलं. मधोमध मोहाच्या दारूनं काठोकाठ भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचा पितळी हंडा. भोवती गावची म्हातारी मंडळी, डोक्यावर अंबाडीच्या वाकाचे, म्हणजे दोराच्या पांढुरक्या धाग्यांचे टोप घालून!

“हा काय प्रकार?” मोठे साहेब कडाडले.

पाटलांनी हात जोडले. “साहेबायचं स्वागत कसं करा लागते, आमाले का मालूम जी? बरं झालं, हापिसानं चित्रं धाडली. बसा, पयला गिलास तुमचा. टोप तेवढा पेटवाचा रायला, आता पेटवतो.”

मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. आमच्या साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. “पेंटरची चूक, सर.”

मी नम्रपणे म्हणालो, “सर, पुस्तक यांच्या क्लबातलं. त्यावर ग्लासांचे गोल डाग आहेत, तेवढे मी उतरवले नाहीत.”

साहेबांची बदली थेट जंगलापलीकडे सिरोंच्याला झाली. शपथ झाली नाही, त्यामुळे माझी ऑर्डरही निघाली नाही. धंद्यातली एक अक्कल मात्र आली : दारूबंदीच्या पोस्टरात पिणाऱ्याला खुर्ची देऊ नये. लोक दारू बघत नाहीत, खुर्ची बघतात.