सरावाचा चेहरा

नाशिकच्या थंडीबद्दल लोक प्रेमाने बोलतात. मला ती आवडत नाही. नोव्हेंबर लागला की माझ्या डाव्या गालावर, कानाखाली जबड्याच्या कडेला, रुपयाएवढी जागा कोरडी पडते, खाजते, आणि पुढचे दोन महिने तिथे कुठलंच क्रीम टिकत नाही. डॉक्टरीणबाई विचारतात, "इथे जुनं काही झालं होतं का?" मी सांगते, "कॉलेजात असताना थंडीने फुटलं होतं." हे उत्तर मी इतक्या वर्षांत इतक्यांना दिलंय, की ते देताना आता चेहरा जराही बदलत नाही.

मी हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आमच्या घरातली पहिली पदवीधर. दहावीपर्यंत हरसूल भागातल्याच आश्रमशाळेत शिकले, आणि जे काही झाले ते त्या शाळेमुळे, हे मला ठाऊक आहे. शाळेत दर हिवाळ्यात शहरातून पाहुणे यायचे, घोंगड्या वाटायचे. आम्हाला ओळीत उभं करायचे. घोंगडी हातात आली की हात जोडायचे, आणि तिला भोक असेल तर भोक आत जाईल अशी घडी घालून ती छातीशी धरायची, फोटो निघेपर्यंत. हे कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. मोठ्या मुलींचं बघून आम्ही शिकलो. फुकट मिळालेल्या वस्तूचं भोक दाखवायचं नसतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बी.ए.साठी नाशिकला आले. मुलींच्या सरकारी वसतिगृहात चौघींची एक खोली. आईने मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली बरोबर दिली होती. आमच्याकडे थंडीत हातापायांना, तोंडाला तेच लावतात. गारठ्यात ते तुपासारखं थिजतं, मग बाटली उन्हात ठेवायची. त्याला एक उग्र वास असतो, पण तो उग्र आहे हे मला नाशिकला येईपर्यंत माहीत नव्हतं. वर्गात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने मागे न बघताच विचारलं, "ए, कॅन्टीनमध्ये आज सकाळीच भजी तळतायत का गं?" दोघी-तिघी हसल्या. ती मला उद्देशून बोलली नसेलही. बाटली मी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि कोल्ड क्रीमची सगळ्यात छोटी डबी आणली.

त्या वर्षी हिवाळ्यात मुलींनी मरून रंगाचा हायनेक घालायचा, वर जीनचं जॅकेट, केसांत फुलपाखरांच्या छोट्या क्लिपा, आणि ओठांना बाहेरून गडद चॉकलेटी रेघ काढून आत फिकट लिपस्टिक लावायची, अशी पद्धत होती. कॉलेज रोडवर सकाळी उभं राहिलं की हे सगळं स्कूटीवरून समोरून जायचं. आम्ही चौघींनीही ते केलं, आमच्या पद्धतीने. दिवाळीनंतर तिबेटी लोक रस्त्याकडेला स्वेटरांची दुकानं मांडायचे, तिथून आम्ही चौघींत मिळून एक मरून हायनेक घेतला. सोमवारी एकीने घालायचा, मंगळवारी दुसरीने. चौथीने कितीही गार वाजलं तरी आपला वार येईपर्यंत थांबायचं. जॅकेटचा विषयच नव्हता. ओठांची रेघ आम्ही भुवयांच्या पेन्सिलीने काढायचो. लिपस्टिक संपली की तळाशी उरलेली काडीने खरवडून, चमच्यात व्हॅसलीन घालून मेणबत्तीवर वितळवायची आणि रिकाम्या डबीत ओतायची. त्यातून कधी गुलाबी, कधी विटकरी, कधी निव्वळ तपकिरी रंग निघायचा. "आजची शेड कुठली गं?" असं कुणी विचारलं की खोलीतली सटाण्याकडची मुलगी गंभीर चेहऱ्याने सांगायची, "वसतिगृह स्पेशल." आम्ही हसायचो. त्या दिवसांतलं जे हसणं मला आठवतं, ते सगळं त्याच खोलीतलं आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्या मराठीच्या मॅडमनी वार्षिक संमेलनाचं निवेदन मला करायला सांगितलं. मॅडमनी मला पुस्तकं दिली होती, अर्जांवर सह्या दिल्या होत्या, परीक्षेआधी घरी बोलावून शिकवलं होतं. वर्गात त्या मला उठवून उतारा वाचायला लावायच्या आणि म्हणायच्या, "बघा, आवाज असा लागतो." निवेदन मला मिळालं त्या दिवशी मी एसटीडी बूथवरून दिंडोरीकडच्या एका बागाईतदाराच्या घरी फोन केला. भाताची कापणी आटोपली की आईबा दरवर्षी द्राक्षांच्या कामाला तिकडे जायचे, मालकाच्या बागेतच झोपडी टाकून राहायचे. मालकिणीने बाला हाक मारून आणलं. मी म्हटलं, "बा, मी माईकवर बोलणार हाय. सगळ्या कॉलेजसमोर."

"किती टाइम?"

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत मीच."

त्याने ते तिथूनच आईला ओरडून सांगितलं. मग म्हणाला, "मालकाला सांगतो. येतो दोघंबी."

ते दोघं तोवर माझ्या कॉलेजात कधी आले नव्हते. निवेदन मी त्यांच्यासाठी लिहिलं. एकही जड शब्द नको, आईला प्रत्येक वाक्य कळलं पाहिजे, असं ठरवून लिहिलं. सुरुवात अशी होती: "आमच्याकडे थंडी पडली की शेकोटीभोवती माणसं बसतात. ज्याच्या पुढ्यातलं लाकूड विझतं, त्याने गोष्ट सांगायची. आज लाकूड आमच्या पुढ्यातलं विझलं आहे." हा खेळ बाचाच होता. आमचं लाकूड विझावं म्हणून तो ते हळूच जाळापासून बाजूला ओढायचा.

मॅडमना लेखन आवडलं. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आवाज तुझाच हवा. पण बाहेरचे पाहुणे येतात गं, स्टेजवर जरा प्रेझेंटेबल दिसायला हवं. चेहरा किती ओढल्यासारखा झालाय थंडीने. एखादं फेशियल वगैरे करून घे." त्या हे आपुलकीने म्हणाल्या. मीही ते तसंच ऐकलं, आणि ओढलेला म्हणजे काळा, असा अर्थ स्वतःच लावून घेतला.

गंगापूर रोडला एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये पार्लर होतं. फाटकावर पुठ्ठ्याची पाटी होती: 'मॉडेल हवी'. मॉडेल म्हणजे काय ते आम्हाला वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं. तिथे पार्लरचा कोर्स शिकवायचे, आणि शिकणाऱ्या मुलींना हात बसवायला चेहरे लागायचे. आपण चेहरा द्यायचा, त्या फुकट भुवया कोरणार, फेशियल करणार, लग्नाचा मेकअप करून बघणार. मी त्या हिवाळ्यात चार वेळा गेले होते. एकदा मला पूर्ण नवरी केलं होतं, आणि तशीच मी ओढणीत तोंड लपवून वसतिगृहावर आले होते. तिथल्या ताई शिकाऊ मुलींना सांगायच्या, "हिच्या चेहऱ्यावर करा. ही हूं की चूं करत नाही." मला ते कौतुक वाटायचं.

संमेलनाला पाच दिवस होते. लग्नसराई असल्यामुळे ताई एका नवरीच्या ऑर्डरवर गेल्या होत्या. गॅरेजमध्ये एकच शिकाऊ मुलगी होती, माझ्याच वयाची. रविवारी तिची परीक्षा होती. तिने आधी चेहरा खसाखसा घासून काढला, मग वाटीत क्रीम घेतलं, त्यात पावडर कालवली आणि ब्लीच लावलं. नाकात झिणझिण्या आल्या. ती घड्याळ बघत म्हणाली, "दहा मिनिटांनी पुसायचं, ताई म्हणाल्यात."

मी म्हटलं, "सावळ्या रंगाला जास्त वेळ ठेवावं लागत असेल ना?"

ती गोंधळली. "असेल. ताईंनी तसं काही सांगितलं नाही."

"मग राहू दे अजून."

मळके कपडे जास्त वेळ भिजत घालायचे असतात, तेवढीच माझी अक्कल. ब्लीचने फक्त लव सोनेरी होते, कातडीचा रंग तोच राहतो, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. थोड्या वेळाने डावा गाल जळायला लागला. आधी मुंग्या आल्यासारखं झालं, मग चुलीजवळ तोंड नेल्यासारखं. त्या मुलीने दोनदा विचारलं, "झोंबतंय का? झोंबत असेल तर सांग हं."

"नाही," मी म्हटलं. "छान वाटतंय."

मी का नाही सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती माझ्यासाठी फुकट राबत होती, तिची परीक्षा होती, तिला वाईट वाटलं असतं. शिवाय झोंबतंय म्हणजे काम होतंय, असंही वाटलं. पण मला वाटतं खरं कारण घोंगडीचंच होतं. मी भोक आत घालून घडी धरून बसले होते.

पुसल्यावर गाल लाल दिसला. दुसऱ्या दिवशी फोड आला आणि तिसऱ्या दिवशी तिथे काळपट खपली धरली. मुलींनी कुणाकडून तरी कॉम्पॅक्ट पावडर मागून आणली. ती गोऱ्या मुलीची होती. ती थापून मी वळले तशी सटाण्याची मैत्रीण आपल्या अहिराणीत ओरडली, "हाई काय शे व माय! भितले चुना लावेल शे का काय?" मग माझा चेहरा बघून ती उठली, आणि ओला रुमाल आणून स्वतःच तो भिंतीचा चुना पुसू लागली. त्या तिघींनी संमेलनाच्या दिवसाचा हायनेक मला दिला. वार कुणाचा होता ते कुणी काढलंच नाही.

मॅडमनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, मी फेशियल म्हटलं होतं!" मग बराच वेळ कागद चाळत बसल्या. "तू इतकं छान लिहिलंयस, ते वाया नको जायला. ती वाचेल." ती म्हणजे भज्यांचं विचारणारी, पुढच्या बाकावरची. "तू विंगेत उभी राहा, ती कुठे अडखळली तर सांग. पुढच्या वर्षी आहेच ना. चालेल ना?"

"चालेल, मॅडम."

माझा आवाज कापला नाही. आवाज चांगलाच होता माझा.

मॅडमची मी ऋणी आहे, हे मनापासून लिहिते. त्यांनी बी.एड.चा अर्ज स्वतः भरून घेतला नसता तर आज मी शाळेत शिकवत नसते. माझ्या लग्नात त्या आल्या, मी वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं, "ही आमची फार गुणी मुलगी, कधी कशाची तक्रार नाही." त्या गॅरेजातल्या ताईही हेच म्हणायच्या. पुढच्या वर्षीचं निवेदनही मला मिळालं नाही. मागायला हवं हे मला सुचलं नाही, आणि द्यायला हवं हे त्यांना आठवलं नाही.

संमेलन सकाळी दहाला होतं. आईबाला पुन्हा फोन करून 'येऊ नका' म्हणायचं मी तीन दिवस ठरवत होते. बूथपर्यंत एकदा गेलेही. मालकाने रजा दिली होती, आता काय सांगणार?

विंगेतून, पडद्याच्या फटीतून, ते दोघं मला दिसले. सगळ्यात मागच्या रांगेत, कडेच्या खुर्च्यांवर. बाने धुतलेली टोपी घातली होती. आई पिशवी मांडीवर घेऊन स्टेजवर येणारा प्रत्येक चेहरा निरखत होती. माझ्या अंगात मरून हायनेक होता. त्याची कड मान वळवली की खपलीला घासत होती. ती मुलगी माईकपुढे गेली. तिने शेकोटीचं वाक्य म्हटलं. छान म्हटलं. माझ्या हातातल्या कागदावर मी बोट फिरवत होते, पण ती एकदाही अडखळली नाही. विझलेल्या लाकडाशी आली तेव्हा बा खुर्चीत पुढे सरकला. त्याने आईला कोपराने ढोसलं आणि तोंडावर उपरणं धरून हसला. माझ्या वाक्याला हसला, तिच्याकडे बघून.

संपल्यावर ती विंगेत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "सॉरी गं. पण किती सोप्पं लिहितेस तू, पाठच करावं लागलं नाही." तिचा हात मऊ आणि गरम होता. मी तिला म्हटलं, "छान झालं."

आईबा फाटकापाशी उभे होते.

"तू कुठं व्हतीस गं?" आई म्हणाली. "आम्ही लय बघितलं."

"आत काम होतं. मागचं सगळं मला बघावं लागतं."

"मंग मोठं काम हाय," बा म्हणाला. तो अजून खुशीत होता. "पर ती पोरगी लय झ्याक बोलली. सबुद अन् सबुद कळला. शेकोटीचं बोलली बघ, आपल्यासारखंच! शहरातली आसून तिला कसं ठाव?"

"पुस्तकात असतं, बा."

"आसं?" तो म्हणाला. पुस्तकात आपला खेळ आहे याचं त्याला फार नवल वाटलं. त्याचा तो आनंद मी मोडला नाही. तो गेला तोवर मोडला नाही.

आई मात्र माझ्या गालाकडे बघत होती. "त्वांडाला काय झालं?"

"थंडीनं फुटलंय."

"त्याल लावत नायस तू." तिने पिशवीतून बाटली काढली. बागेतल्या झोपडीतून निघताना माझ्यासाठी घेतलेली असणार. तेल थिजलं होतं. तिने बोटाने कोरून काढलं, तळव्यावर चोळून पातळ केलं. गारठ्यात द्राक्षांची औषधं कालवून तिचे हात काथ्यासारखे झाले होते. कॉलेज सुटत होतं. वर्गातल्या मुली आमच्या बाजूने चालल्या होत्या, आणि तो वास फाटकाभर पसरला. तिचा तळवा खपलीवरून फिरला.

"झोंबतं का गं?"

मी तोंडाशी आलेलं 'नाही' म्हणणार होते.

"झोंबतंय," मी म्हटलं. "लय झोंबतंय, आये."

तिने हात थांबवला आणि मला नीट बघितलं.

"मंग इतकं दिस कुणाला सांगितलं का नाय?"