सलीमच्या बॅगेतला कुकर

बायकोलाही हे ठाऊक नाही. तिच्याच कुकरची गोष्ट आहे, तरीही नाही.

कुठून सुरू करू? अमेरिकेतल्या, रेडमंडच्या आमच्या गणपतीपासून करतो. तिथं मी फार बोलायचो. जेवणं झाली की विमानतळावरच्या तपासणीचा विषय हमखास निघायचा — वॉरंट नसताना फोन उघडायला लावतात, तासन्‌तास बसवून ठेवतात, हे बरोबर का? मी ठासून सांगायचो, देश सांभाळायचा तर कायदा कडकच हवा. ज्यानं काही केलं नाही त्याला कसली भीती? सलीम समोरच असायचा. मूळचा मिरजेचा, आमच्याच बिल्डिंगमधला, मोदक माझ्यापेक्षा जास्त खाणारा. यार, एकदा माझं नाव लावून प्रवास कर, म्हणायचा. मी हसायचो. तोही.

तर — एका वर्षी सुट्टीवरून आम्ही एकाच विमानानं परतत होतो. मुंबईला काउंटरवर माझ्या बॅगेचं वजन जास्त भरलं. सलीमच्या बॅगेत जागा होती. आईनं सुनेसाठी घेतलेला प्रेशर कुकर मी त्याच्या बॅगेत कोंबला. आत गोडा मसाला, मेतकूट, सगळ्या पुड्या गच्च भरलेल्या. अमेरिकेत कुकरमध्ये बॉम्ब भरून फोडलेले, आणि इथं प्रेशर कुकर, आत पुड्या आणि बॅगेवर सलीमचं नाव — मला कळायला नको होतं?

सिअ‍ॅटलला कस्टम्सच्या टेबलावर त्याची बॅग उघडली. कुकर बाहेर निघाला. पुड्या निघाल्या. सलीम शांतपणे म्हणाला, हे माझ्या मित्राचं आहे, आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी पलीकडेच उभा होतो. अधिकाऱ्यानं मला विचारलं, हे तुमचं आहे का?

माझं ग्रीन कार्ड अडकलं होतं. पण त्या क्षणी ते मनात आलं, की नंतर मी ते कारण शोधलं? आता सांगता येत नाही.

"नाही," मी म्हणालो.

सलीमनं माझ्याकडे पाहिलं. त्याला आतल्या खोलीत नेलं. मी माझी बॅग ढकलत बाहेर आलो आणि टॅक्सी केली. थांबलोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो कुकर घेऊन दारात उभा. फोन त्यांनी ठेवून घेतला होता. "शिट्टी बघून घे, त्यांनी खोलली होती," एवढंच बोलला. पुढं भारतातून परतताना दर वेळी त्याला त्याच खोलीत न्यायला लागले. मग व्हिसाची चौकशी सुरू झाली. वकील म्हणाला, आता देश सोडू नका, परत येता येणार नाही. आणि मिरजेत त्याची आई वारली.

दफन त्यानं फोनवर पाहिलं, आमच्या सोफ्यावर बसून. घरी एकट्यानं बघवणार नाही म्हणाला. मी शेजारी होतो. बायकोनं त्याच्यासाठी मुगाची खिचडी लावली, त्याच कुकरमध्ये. शिट्टी झाली, तेव्हा वाटलं, आता बोलेल. दुसरी झाली. तो जेवला. वहिनी, छान झालीय, म्हणाला.

मला काय वाटलं? खरं सांगू — काहीच नाही. हात धुतले, भांडी लावली.

यंदाच्या गणपतीत पुन्हा तोच विषय निघाला. सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कायदा कडकच हवा. सलीम तेव्हा पंगतीत मोदक वाढत होता. माझ्या ताटात त्यानं दोन वाढले आणि पुढं गेला.