उजवा हात

राजपुत्र एगबेर्ट यांच्या शवपेटीची गाडी जोडून झाली आणि किलियानने आपली उंच टोपी काढून कोचमनच्या बैठकीवर ठेवली. वाल्डाखच्या वाड्याचा मुख्य कोचमन झाल्यापासून ती त्याच्या डोक्यावर होती. तेव्हापासूनच ती त्याला टोचतही होती.

त्या घराण्याची रीत होती. बरोबरीच्या घरची वधू असेल, तर नवऱ्याने वेदीपुढे तिला उजवा हात द्यायचा. खालच्या घरची असेल, तर डावा. लग्नं दोन्ही खरी; पण डाव्या हाताच्या बायकोच्या मुलाला ना बापाचं नाव, ना जहागीर.

तरुणपणी एगबेर्ट गिरणीवाल्याच्या रोझीनावर भुलले. टेकडीवरच्या लहानशा चर्चमध्ये लग्न लागलं. पाद्री होता आणि साक्षीला तबेल्यातला किलियान, बस्स.

"डावा, सरकार," पाद्री पुटपुटला.

एगबेर्ट हसले आणि त्यांनी उजवा पुढे केला. "हिला काय उरलासुरला हात देऊ?"

पाद्र्याने मान खाली घातली. किलियानने मात्र डोळे भरून पाहिलं.

त्यांचा मुलगा लॉरेन्झ पाऊल टाकायला लागला आणि रोझीना तापाने गेली. पाठोपाठ पाद्रीही गेला. मग मोठ्या घरची ओटिलिया सांगून आली. तिच्या वडिलांची अट एकच: जहागीर हिच्या मुलाला. म्हणून आधी लॉरेन्झ कुठल्या हाताचा, ते ठरवा.

एगबेर्ट तबेल्यात आले. घोडीची मान थोपटत म्हणाले, "किलियान, त्या दिवशी चर्चमध्ये अंधारच होता, नाही?"

"होता, सरकार."

"मग डावाच असणार."

त्यांनी हुकूम सोडला असता, तर किलियानला निदान हुकमाच्या आड लपता आलं असतं. ते नुसते वाट पाहत उभे राहिले.

"डावाच," किलियान म्हणाला. पुढे दरबारात बायबलवर हात ठेवूनही तेच म्हणाला. लगेच मुख्य कोचमनची टोपी आली.

ओटिलियाने मुलगा दिला, पण घरात ऊब काही आली नाही. ती वारल्यावर एगबेर्टनी एका गाणारणीशी तिसरं लग्न केलं. त्या दिवशी डावा हात पुढे करताना त्यांनी किलियानला डोळा मारला, "या वेळी नीट बघ हं!" किलियानला हसू आलं नाही. ती गाणारीणही पुढे एका व्हायोलिनवाल्याबरोबर निघून गेली.

लॉरेन्झ रानाचा राखणदार झाला. दर शरदात तो किलियानच्या दारी ससा घेऊन येई. "काका, टोपी वाढतेय, का तुम्ही आटताय?" म्हणून चिडवी. किलियान ससा रांधून खाई.

आज गाडीमागे पहिला ओटिलियाचा मुलगा उभा होता. मग सोयरे, मग नोकर. सगळ्यांच्या मागे, आचाऱ्यांच्याही मागे, लॉरेन्झ.

किलियान बैठकीवरून खाली उतरला.

"काय झालं? चाक?" कारभाऱ्याने विचारलं.

"चाक नाही. टेकडीवर सरकारांनी उजवा दिला होता. मी खोटं बोललो."

कारभारी जवळ येऊन हळूच म्हणाला, "बायबलवर हात ठेवून डावा. आज टोपी काढून उजवा. उद्या काय रे? वर चढ."

ओटिलियाचा मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला. मागून लॉरेन्झ पुढे आला.

"खरंच उजवा दिला आईला?"

"हसत दिला, पोरा."

क्षणभर लॉरेन्झचा चेहरा उजळला. मग तो म्हणाला, "आणि इतकी वर्षं माझ्या हातचा ससा खाल्लात, काका."

त्याने बैठकीवरची टोपी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि ती किलियानच्या हातात दिली.

"चढा. घोडे खोळंबलेत."

तो परत आचाऱ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. किलियानने लगाम धरले.

त्या शरदात रानात ससे पुष्कळ झाले. किलियानचं दार कुणी वाजवलं नाही.